शब्द कुठे तोडावा?

तोडून तोडून पाठ केलेला इंग्रजी शब्द बिनचूक लिहिता येतो, मग त्याचा अर्थ का लक्षात राहत नाही? नेवाशाच्या दहावीतला मुलगा हे विचारतो आणि पाथर्डीच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगीही. दवाखान्याची पाटी अक्षर लावून वाचणाऱ्या आजोबांचाही प्रश्न हाच असतो: वाचता तर आलं, पण हा डॉक्टर नेमका कशाचा?

उत्तर सोपे आहे. शब्द तोडला हे बरोबर, पण तो पाठांतरासाठी तोडला, अर्थासाठी नाही. या दोन्ही कामांसाठी तोडायच्या जागा बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. त्या जागा कशा ओळखायच्या ते या प्रकरणात पाहू. इथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. वाचताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक शब्द त्याच्या मूळ स्पेलिंगमध्ये लिहून मग तोडा.

१. एकाच शब्दाच्या तीन तोडी

फोटोग्राफी हा शब्द मोठ्याने म्हणा: फ-टॉग-र-फी. तोंडातून चार तुकडे निघतात. या चार तुकड्यांवर स्पेलिंग पाठ करणे सोपे जाते. पण 'टॉग' म्हणजे काय? काहीच नाही. ही आवाजाची तोड झाली.

आता तोच शब्द असा तोडा: फोटो-ग्राफ-ई. ग्रीक भाषेत 'फोटो' म्हणजे उजेडाचा आणि 'ग्राफ' म्हणजे रेखणे किंवा लिहिणे. शेवटच्या 'ई'ने त्या कामाचे नाव तयार होते. उजेडाने रेखण्याचे काम ते फोटोग्राफी. ही अर्थाची तोड.

तिसरी तोड कागदाच्या सोयीची. ओळ संपत आली, शब्द मात्र अर्धाच मावतो, तेव्हा तो मध्ये तोडून आडवी रेघ द्यायची आणि उरलेला भाग पुढच्या ओळीत न्यायचा. ही छपाईची तोड.

राहुरी-श्रीरामपूरकडच्या ऊस उत्पादकाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. कारखान्याला जाणारा ऊस मोळीत बसेल अशा लांबीचा तोडला की भागते. बेण्याचा ऊस मात्र तो तसा तोडत नाही. प्रत्येक टिपरीवर एक-दोन डोळे शाबूत राहतील असाच कोयता चालवतो, कारण डोळा नसलेली टिपरी उगवत नाही. शब्दाचा अर्थ हवा असेल तर तो बेण्याच्या उसासारखा तोडायचा. हाती आलेल्या तुकड्याला डोळा आहे का, एवढेच पाहायचे. 'टॉग'ला डोळा नाही, 'ग्राफ'ला आहे. टेलिग्राफ, ऑटोग्राफ आणि पॅराग्राफ हे शब्द याच डोळ्यातून फुटलेले आहेत.

२. ओळ संपली, शब्द संपला नाही

छपाईच्या तोडीबद्दल आधी बोलून घेऊ, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

शब्द तोडल्याची खूण म्हणून जी आडवी रेघ देतात, तिला इंग्रजीत हायफन आणि मराठी व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात. एकच रेघ दोन उलटी कामे करते. दोन शब्द जोडायला ती येते, आणि ओळीच्या शेवटी एक शब्द तोडायलाही येते. हायफन हा शब्द मुळात ग्रीक. 'हायपो' म्हणजे खाली आणि 'हेन' म्हणजे एक. दोन तुकडे एकाखाली आणा, म्हणजे एकत्र वाचा, असा त्याचा निरोप. तोडीच्या जागी दिसली तरी ती रेघ सांगते की पुढचा तुकडा याच शब्दाचा आहे.

आपल्या जुन्या मोडी लिखाणात ही खूण नव्हती. मोडीत शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत जात, त्यामुळे शब्द कुठे सुटतो हे वाचणाऱ्यानेच ताडायचे असे. मराठी छपाई वाढली तशी खुणांची गरज भासू लागली. नगरमध्ये १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, आणि १८५० साली मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' आली. इंग्रजीतली स्वल्पविराम, पूर्णविरामासारखी चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय कँडींना दिले जाते. आज शाळेत शिकवली जाणारी चिन्हे मराठीला मिळून पावणेदोनशे वर्षेच झाली आहेत.

आता अडचण अशी की ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडावा, यावर खुद्द इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे एकमत नाही. अमेरिकी पद्धत उच्चाराकडे पाहते, जुनी ब्रिटिश पद्धत घडणीकडे. 'लोकशाही' या अर्थाचा शब्द अमेरिकी मुद्रक 'डेमॉक-रसी' असा तोडील आणि ब्रिटिश मुद्रक 'डेमो-क्रसी' असा. 'डेमो' म्हणजे लोक आणि 'क्रसी' म्हणजे सत्ता, हे दुसऱ्या तोडीत दिसते, पहिलीत दिसत नाही. एकाच शब्दाच्या दोन पुस्तकांत दोन तोडी दिसल्या तर कोणाची तरी चूक झाली असे समजू नका. अमेरिकी शब्दकोशात शब्दाच्या मध्ये ठिपके दिलेले असतात, तेही ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगण्यासाठी. त्यांवरून अर्थ शोधायला जाऊ नये.

आता हे काम संगणक करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लिआंग यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात त्यासाठी एक पद्धत मांडली. कुठल्या अक्षरसमूहात तोडायचे आणि कुठे तोडायचे नाही, याचे ४,४४७ नमुने त्यांनी यंत्राला दिले. तेवढ्यावर शब्दकोशातल्या सुमारे ८९ टक्के जागा यंत्राला बरोबर सापडल्या. पण अर्थ पाहिल्याशिवाय सुटत नाहीत असे शब्द उरतातच. 'रेकॉर्ड' हे नाम असेल, म्हणजे नोंद किंवा विक्रम, तर त्याची तोड 'रेक-ऑर्ड'. तेच क्रियापद झाले, म्हणजे नोंदवणे, की उच्चार 'रिकॉर्ड' आणि तोड 'रि-कॉर्ड'. स्पेलिंग दोन्हीचे तेच. वाक्य वाचल्याशिवाय तोड ठरत नाही.

३. को-ऑपरेटिव्हमधली रेघ

नगर जिल्ह्यात इंग्रजी पाट्यांवर हमखास भेटणारा एक लांब शब्द म्हणजे को-ऑपरेटिव्ह. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे कारखाने, बँका, दूधसंघ आणि पतसंस्था निघत गेल्या, तसा हा शब्द गावोगावच्या पाट्यांवर पोचला. काही पाट्यांवर त्यात रेघ असते, काहींवर नसते.

दोन्ही चालतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या इंग्रजी नावात रेघ आहे. २०२१ साली केंद्रात नवे सहकार मंत्रालय झाले, त्याच्या इंग्रजी नावात ती नाही. रेघ मुळात आली ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. या शब्दात दोन 'ओ' शेजारी येतात. पहिला 'को'चा, दुसरा 'ऑपरेट'चा. रेघ नसेल तर नवखा वाचक त्यांचा 'ऊ' करून 'कूप' वाचतो, आणि इंग्रजीत कूप म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. शब्द ओळखीचा झाला की रेघेची गरज संपते. इंग्रजीतल्या कित्येक जोडशब्दांचा प्रवास असाच झालेला आहे. आधी दोन सुटे शब्द, मग मध्ये रेघ, मग एकच शब्द.

काही ठिकाणी मात्र रेघ काढली की अर्थच पालटतो. 'री-साइन' म्हणजे पुन्हा सही करणे. रेघ काढा, उरतो 'रिझाइन', म्हणजे राजीनामा देणे. स्पेलिंगमध्ये अक्षरे तीच, क्रम तोच. सरपंचांना पत्रावर पुन्हा सही करायची असेल आणि टाइप करणाऱ्याने रेघ गाळली, तर गावात भलतीच चर्चा सुरू व्हायची.

४. पुढचा, मधला आणि मागचा तुकडा

आता अर्थाची तोड. बहुतेक लांब इंग्रजी शब्दांत तीन तऱ्हेचे तुकडे असतात. मधला तुकडा मुख्य अर्थ सांगतो, त्याला मूळ म्हणू. पुढे लागणारा तुकडा त्या अर्थाला दिशा देतो, तो उपसर्ग. मागे लागणारा तुकडा शब्दाचे काम ठरवतो, म्हणजे तो नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद, तो प्रत्यय. आपण मराठीत 'अन्यायकारक' हा शब्द अ-न्याय-कारक असा उलगडतो, तेच इथे करायचे.

को-ऑपरेटिव्ह घ्या. 'को' म्हणजे मिळून. 'ऑपर' म्हणजे काम. 'एट' लागून त्याचे क्रियापद झाले, 'इव्ह' लागून विशेषण. मिळून काम करणारी, ती को-ऑपरेटिव्ह संस्था. दवाखान्यातले ऑपरेशन आणि जेसीबीचा ऑपरेटर यांतही हेच 'ऑपर' आहे. एकदा काम हा अर्थ कळला की तिन्ही शब्द एकाच घरातले निघतात.

दुसरे उदाहरण नगरच्या किल्ल्यातले. 'भारत छोडो' आंदोलनात, ऑगस्ट १९४२ मध्ये, जवाहरलाल नेहरूंना अटक करून इथे आणले. १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यांनी इथे जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातला मुख्य शब्द 'डिस्कव्हरी'. तोडू या. 'डिस' म्हणजे उलट क्रिया, केलेले काढून टाकणे. 'कव्हर' म्हणजे झाकण. 'ई' म्हणजे त्या क्रियेचे नाव. झाकण काढणे म्हणजे डिस्कव्हरी. म्हणून जे आधीपासून होते पण दिसत नव्हते, त्याच्याच बाबतीत हा शब्द वापरतात. कोलंबसाच्या प्रवासाला डिस्कव्हरी म्हणतात. टेलिफोन मात्र डिस्कव्हरी नव्हे, तो आधी कुठे झाकलेला नव्हता. त्याला इन्व्हेन्शन म्हणतात. मराठीत दोन्हीला आपण सर्रास 'शोध' म्हणतो, म्हणून परीक्षेत इथे गुण जातात. तुकडे माहीत असले तर जाणार नाहीत.

५. तुकड्याला डोळा आहे का?

तोडलेला तुकडा खरा की खोटा, हे ठरवण्याची एक साधी कसोटी आहे. तोच तुकडा, त्याच अर्थाने, आणखी तीन शब्दांत सापडला पाहिजे.

'डीहायड्रेशन' हा शब्द उन्हाळ्यात सगळ्यांना पाठ होतो. डी-हायड्र-एशन असा तो तोडला आणि 'हायड्र' म्हणजे पाणी असावे असा अंदाज केला. आता तीन साक्षीदार शोधा. हायड्रंट म्हणजे आग विझवण्यासाठी पाणी घ्यायचा नळ. हायड्रोइलेक्ट्रिक म्हणजे पाण्यावर तयार होणारी वीज. हायड्रोजन म्हणजे पाणी उत्पन्न करणारा वायू, कारण तो जळला की पाणी तयार होते. तिन्ही ठिकाणी पाणी आहे. तुकडा खरा.

'डी'चेही बघा. डीफॉरेस्टेशन म्हणजे जंगल नाहीसे होणे, डीकोड म्हणजे सांकेतिक लिपी उलगडणे, डीमोट म्हणजे पदावरून खाली आणणे. काढून घेणे, उलगडणे किंवा खाली आणणे हा अर्थ सगळीकडे बसतो. शरीरातले पाणी निघून जाणे म्हणजे डीहायड्रेशन, हे आता पाठ करावे लागत नाही.

साक्षीदार सापडले नाहीत तर तुकडा सोडून द्यायचा. 'कोकोनट'मध्ये 'को' दिसतो, पण तिथे कोणी मिळून काम केलेले नाही.

६. फसवे तुकडे

कसोटी लावूनही माणूस फसतो, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन तुकड्यांचे अर्थ वेगळे असू शकतात.

पहिला फसवा तुकडा नगरच्या रोजच्या बोलण्यातलाच आहे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार ही गावे पाणलोटाच्या कामामुळे देशभर माहीत झाली. त्या कामाचे इंग्रजी नाव 'वॉटरशेड'. 'वॉटर' म्हणजे पाणी हे लहान पोरही सांगेल. 'शेड' म्हटले की मात्र डोळ्यांसमोर पत्र्याची शेड येते, आणि पाण्याला शेड कशाला, असा प्रश्न पडतो. हा 'शेड' वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळे करणे, विभागणे. वॉटरशेड म्हणजे पाणी विभागणारी रेषा, म्हणजेच डोंगराचा माथा, जिथून पावसाचे अर्धे पाणी अलीकडे आणि अर्धे पलीकडे उतरते. पुढे त्या माथ्याखालच्या सगळ्या उताराला हाच शब्द लागू झाला. पाणलोटाची कामे 'माथा ते पायथा' करायची हा नियम शेतकऱ्यांना ठाऊक असतो. चर खोदायला सुरुवात होते ती या विभागणाऱ्या रेषेपासून.

दुसरा फसवा तुकडा पेट्रोलच्या टँकरमागे लाल अक्षरांत लिहिलेला असतो: 'हायली इन्फ्लेमेबल'. 'इन' म्हणजे नाही असे ज्याने पाठ केले आहे, तो म्हणेल की हे न पेटणारे आहे. समज अगदी उलटी झाली. लॅटिनमधून आलेले 'इन' दोन आहेत. एक 'नाही'चा, तो इन्कम्प्लीट आणि इनव्हिजिबलमध्ये आहे. दुसरा 'आत'चा, तो इन्स्पेक्ट आणि इम्पोर्टमध्ये आहे. इन्फ्लेमेबलमधला 'इन' दुसरा. ज्याच्या आत ज्वाला शिरते, म्हणजे जे झटकन पेटते, ते इन्फ्लेमेबल. लोक फसतात म्हणून अनेक ठिकाणी आता नुसते 'फ्लेमेबल' लिहितात. दोन्हीचा अर्थ एकच.

पाटबंधारे खात्याच्या 'इरिगेशन'मध्येही हाच दुसरा 'इन' आहे, फक्त पुढच्या 'आर'मुळे त्याचा 'इर' झाला. रानात पाणी सोडणे म्हणजे इरिगेशन. 'इर्रेग्युलर'मधला 'इर' मात्र 'नाही'चा आहे. नियमित नसलेले ते इर्रेग्युलर. एका जोडीतले दोन शब्द, स्पेलिंगची सुरुवात सारखी, पण उपसर्ग निराळे.

तिसरा फसवा तुकडा साखर कारखान्याच्या आवारातला. 'यंदा रिकव्हरी किती?' हा प्रश्न हंगामात रोज विचारला जातो. शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघाली तर रिकव्हरी, म्हणजे उतारा, दहा टक्के. आताच आपण डिस्कव्हरीत 'कव्हर' म्हणजे झाकण असे पाहिले. मग रिकव्हरी म्हणजे पुन्हा झाकण घालणे? नाही. इथे दिसणारा 'कव्हर' झाकणाचा नव्हे. हा शब्द परत मिळवणे या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदातून आला आणि वाटेत त्याचा आवाज बदलत गेला. 'मिळवणे' हा अर्थ घेतला की सगळे नीट बसते. बँकेची रिकव्हरी म्हणजे दिलेले पैसे परत मिळवणे, रोग्याची रिकव्हरी म्हणजे गेलेली तब्येत परत मिळणे, उसाची रिकव्हरी म्हणजे उसात असलेली साखर हाती येणे. सोफ्याला नवे कापड घालायचे असेल तर 'री-कव्हर' असे रेघ देऊन लिहितात, कारण तिथे कव्हर खरोखरचे आहे.

कधी कधी चुकीची तोडच रूढ होते. 'हेलिकॉप्टर' लोकांनी हेली-कॉप्टर असे तोडले. खरी तोड हेलिको-प्टर. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखे फिरणारे, 'प्टर' म्हणजे पंख. पण चुकीच्या तोडीतला 'हेली' इतका रुजला की सभेच्या आदल्या दिवशी गावाबाहेर जे सपाट मैदान तयार करतात, त्याला हेलिपॅड म्हणतात. बोलणाऱ्यांनी एखादा तुकडा पुरेसे दिवस वापरला की त्याला डोळा फुटतो, मग मुळात तो चुकीचा का तोडलेला असेना.

७. न तुटणारे शब्द

सगळेच शब्द तुटत नाहीत. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी शब्दांची एक विभागणी केली आहे, ती इंग्रजीलाही लागू पडते. ज्याचा अर्थ तुकड्यांतून पुरता मिळतो तो यौगिक. जो तुटत नाही, तसाच लक्षात ठेवायचा, तो रूढ. आणि जो तुटतो, पण ज्याचा अर्थ तुकड्यांपेक्षा अरुंद होऊन बसला आहे, तो योगरूढ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले, पण चिखलातल्या बेडकाला आपण पंकज म्हणत नाही, फक्त कमळाला म्हणतो.

को-ऑपरेटिव्ह हा यौगिक शब्द. 'शुगर' हा रूढ, त्याचे अर्थपूर्ण तुकडे पडत नाहीत. अशा शब्दाचा इतिहास पाहिला तर कधी कधी तो आपल्याच घरी येऊन थांबतो. संस्कृत 'शर्करा' फारसी-अरबीतून युरोपात गेली आणि इंग्रजीत शुगर झाली. प्रवरेच्या काठावर तयार होणाऱ्या मालाचे इंग्रजी नाव मुळात इथलेच आहे.

योगरूढ शब्द पाहायचा तर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्याच्या फाटकावर पाहावा: 'ब्लॅकबक'. 'ब्लॅक' म्हणजे काळा, 'बक' म्हणजे नर. पण या प्राण्याची मादीही ब्लॅकबकच म्हणवली जाते, आणि ती ना काळी, ना नर. ती बदामी रंगाची असते. पिल्लेही तशीच. तुकड्यांनी फक्त ओळखीची खूण दिली. पूर्ण अर्थ वापराने ठरला.

'अंडरस्टँड'चे तर बोलायलाच नको. 'अंडर' म्हणजे खाली आणि 'स्टँड' म्हणजे उभे राहणे, हे दोन्ही खरे, पण त्यातून 'समजणे' हा अर्थ काढता येत नाही. असे शब्द सरळ पाठ करावेत, त्यांच्याशी झगडत बसू नये.

८. उपसर्ग ओळखीचेच

ग्रीक-लॅटिन उपसर्ग म्हटले की विद्यार्थ्यांना धडकी भरते. खरे तर त्यांतले बरेचसे त्यांना आधीच येत असतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या, ही गोष्ट आता सिद्ध झालेली आहे. त्यामुळे अनेक उपसर्ग दोन्हीकडे सापडतात.

ग्रीक 'पेरी' आणि आपला 'परि' एकच, अर्थ भोवती. गणितातल्या पेरिमीटरला आपण परिमिती म्हणतो. त्यातला 'मीटर' आणि 'मिती' हेही मोजण्याच्या एकाच मूळ धातूचे. ग्रीक 'डिस' आणि आपला 'दुस्' एकच, अर्थ वाईट. 'डिसेंट्री' हा शब्द डिस-एंटर-ई असा तोडला तर 'एंटर' म्हणजे आतडे, आणि आतड्याचा बिघाड म्हणजे डिसेंट्री. हा 'डिस' आणि डिस्कव्हरीतला 'डिस' वेगळे. या ग्रीक 'डिस'च्या स्पेलिंगमध्ये 'वाय' असतो, त्या लॅटिन 'डिस'मध्ये 'आय'. इंग्रजी 'अन', लॅटिन 'नाही'चा 'इन' आणि आपले 'अ' किंवा 'अन्' हे तिन्ही सख्खे.

'हायपर' म्हणजे आपले 'उपरि', वर. 'हायपो' म्हणजे आपला 'उप', खाली किंवा कमी. रक्तदाब वाढला तर हायपरटेन्शन, उतरला तर हायपोटेन्शन. थायरॉइडची गोळी सुरू झालेल्या प्रत्येक घरात हा फरक कळलाच पाहिजे. हायपर म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आणि हायपो म्हणजे कमी. एका अक्षराने उपचार उलटे होतात.

सारखेपणा दिसला की लगेच नाते जोडू नये, हेही खरे. 'पेड' असा उच्चार दोन ठिकाणी येतो. पेडल आणि सेंटिपीडमधला 'पेड' म्हणजे पाय, तो आपल्या 'पाद'चा भाऊ. पीडियाट्रिशियनमधला 'पीड' म्हणजे मूल, तो निराळ्या घरातला. आता हाडांच्या दवाखान्याची पाटी पाहा: 'ऑर्थोपेडिक'. 'ऑर्थो' म्हणजे सरळ. 'पेड' म्हणजे पाय असेल असे कोणालाही वाटेल, पण तो मुलाचा आहे. १७४१ साली निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी मुलांच्या अंगातले वाकडेपण कसे टाळावे आणि सुधारावे यावर पुस्तक लिहिले, त्यासाठी हा शब्द घडवला. पुढे त्यात सगळ्या वयाच्या माणसांची हाडे आली. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'ए' आणि 'ई' ही दोन्ही अक्षरे टिकून आहेत. ती दिसली की मूल समजावे.

९. एक लांब शब्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता सगळे एकत्र वापरून पाहू. शब्द आहे 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट'. काही दवाखान्यांच्या पाट्यांवर तो दिसतो आणि लोक त्याला वळसा घालून पुढे जातात.

शेवटाकडून सुरू करा, कारण शब्द कोणत्या कामाचा आहे हे शेवट सांगतो. 'इस्ट' म्हणजे ते काम करणारा माणूस. टायपिस्ट, डेंटिस्ट, आर्टिस्ट हे तीन साक्षीदार झाले. त्याआधी 'लॉजी', म्हणजे शास्त्र. बायॉलॉजी, जिऑलॉजी, सायकॉलॉजी. तेव्हा हा कुठल्या तरी शास्त्राचा जाणकार माणूस. अर्धे काम झाले.

आता पुढून. 'ओटो' आला की 'ऑटो'ची आठवण येते. इथे स्पेलिंग पाहणे भाग आहे. स्वतः या अर्थाचा 'ऑटो' 'ए-यू'ने सुरू होतो, तो ऑटोमॅटिकमध्ये आहे. हा 'ओ'ने सुरू होतो, आणि त्याचा अर्थ कान. देवनागरीत किंवा बोलताना दोन्ही जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून मूळ स्पेलिंगवर बोट ठेवल्याशिवाय तोडू नये. पुढचा 'रायनो' म्हणजे नाक. रायनोसेरॉस, म्हणजे गेंडा, नाकावर शिंग असलेला. मग 'लॅरिंग', म्हणजे स्वरयंत्र, घसा. मधून मधून येणारा 'ओ' फक्त सांधा आहे, त्याला अर्थ नाही.

कान, नाक, घसा, शास्त्र, जाणकार. कान-नाक-घसा तज्ज्ञ. ज्या डॉक्टरांकडे आपण 'ईएनटी'वाले म्हणून जातो, तेच हे.

पद्धत लक्षात आली असेल. आधी शेवट, मग सुरुवात, मग मधला तुकडा. प्रत्येक तुकड्याला साक्षीदार. सांध्याचा 'ओ' किंवा 'आय' बाजूला. मिळालेला अर्थ पुन्हा वाक्यात घालून पाहायचा. बसला नाही तर तुकडा फसवा आहे किंवा शब्द योगरूढ आहे, असे समजून शब्दकोश उघडायचा. चांगल्या शब्दकोशात अर्थाशेजारी शब्दाची उत्पत्तीही दिलेली असते. विद्यार्थी ती ओळ सोडून देतात, खरी तोड मात्र तिथेच सापडते.

करून पाहण्यासाठी

खालचे शब्द वहीत मूळ स्पेलिंगमध्ये लिहा, तोडा, आणि मग उत्तरे पाहा: को-जनरेशन, मायक्रोबायॉलॉजी, इम्पॉसिबल, ट्रान्सपोर्ट, अंडरटेकिंग.

को-जनरेशन: 'को' मिळून, 'जनर' निर्माण करणे. कारखान्यात उसाची चिपाडे जाळून वाफ आणि वीज दोन्ही एकदमच तयार करतात, म्हणून 'को'. यातला 'जन' आपल्या 'जन्म'मधला आहे. मायक्रोबायॉलॉजी: सूक्ष्म, जीव, शास्त्र. इम्पॉसिबल: इथला 'इम' हा 'नाही'चा 'इन', पुढच्या 'पी'मुळे बदललेला. ट्रान्सपोर्ट: 'ट्रान्स' पलीकडे, 'पोर्ट' वाहून नेणे. एक्स्पोर्ट, इम्पोर्ट आणि पोर्टर हे त्याचे साक्षीदार. अंडरटेकिंग: तुकडे पडतात, पण अर्थ मिळत नाही. कॉलेजच्या अर्जात तो 'हमीपत्र' असतो आणि कंपनीच्या नावात 'उपक्रम'. हा शब्द तोडू नका, कोणत्या कागदावर आला आहे ते पाहून अर्थ लावा.